तुडुमाचा आवाज

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आखातातली एक सामुद्रधुनी जहाजांना बंद झाली आणि सात बावीसला पाथरटोल्याची सात नंबरची विहीर जागी झाली. मधल्या बारा मिनिटांत पाथरटोल्यात कोणत्याही माणसानं काहीही ठरवलं नव्हतं.

पौर्णिमा कापगते नियंत्रण केबिनमध्ये नुकतीच खुर्चीत बसली होती. समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात जगातल्या तेलाचा भाव दिसायचा. तो बघता बघता बारा डॉलरनं चढला. बाहेर माळावर उभे असलेले सोळा पंप एकामागून एक गुरगुरू लागले आणि तिच्या चहावर बारीक वर्तुळं उठली.

"उठले कुंभकर्ण," पंपांचा फोरमन रफिक शेख दारात येऊन म्हणाला. तो बल्लारपूरचा, पन्नाशीचा, आणि भुकेचा कच्चा. "तिकडे कोणी जहाज अडवलं की इकडे माझा नाश्ता अडतो. हा कुठला न्याय, मॅडम?"

"आज डबासुद्धा अडेल, रफिकभाई. श्रोत्यानं सातवी विहीर एका दिवसात फोडायची ठरवलीय."

"एका दिवसात? चार दिवसांचं काम आहे ते."

"भाव चार दिवस थांबेल असं त्याला वाटत नाही."

इथे थोडं थांबून हे काम नीट समजून घेतलं पाहिजे. शेल म्हणजे मुळात चिखल. फार पूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉरही नव्हते तेव्हा, या भागात मोठाली तळी होती. त्यांच्या तळाशी गाळ बसला, त्यात शेवाळ आणि झाडपाला गाडला गेला, वर आणखी गाळ आला, आणि दाबानं त्या चिखलाचा दगड झाला. वहीच्या पानांसारखा, थरावर थर. त्या पानांमध्ये तेल असतं, पण ते वाहत नाही. ओलं फडकं पिळलं तर पाणी निघतं, दगड कसा पिळणार? म्हणून आधी अडीच किलोमीटर सरळ खाली भोक पाडायचं, मग तेच हळूहळू आडवं वळवून दोन किलोमीटर त्या थरातून न्यायचं, आणि त्यात पाणी आणि वाळू प्रचंड दाबानं कोंबायची. खडकाला केसासारख्या चिरा पडतात. दाब काढला की त्या मिटू पाहतात, पण दाराच्या फटीत खडा अडकावा तसे वाळूचे कण त्यांत अडकून बसतात. त्या फटींतून तेल वर येतं.

अशी विहीर पहिल्या वर्षी भरभरून देते आणि दुसऱ्या वर्षी निम्म्यावर येते. त्यामुळे भाव चढला की नव्या विहिरी फोडायच्या आणि उतरला की हात आवरायचा, हा या धंद्याचा शिरस्ता. पूर्वी त्याला महिने लागत. बातमी यायची, बैठका व्हायच्या, मग कुठे यंत्रं हलायची. पाथरटोल्याच्या कंपनीनं ते सगळे मधले टप्पे काढून टाकले होते. तिच्या इथल्या अकरा विहिरींपैकी पाच खोदून, पण न फोडता तशाच राखल्या होत्या; भाव येईपर्यंत कोठीत धान ठेवावं तशा. कोठी कधी उघडायची हे ठरवायला श्रोता होता.

श्रोता हे यंत्राचं नाव. त्याचा डोळा जगाच्या बातम्यांवर असे आणि कान जमिनीवर. हा कान म्हणजे काचेचा एक धागा, केसाएवढा, जमिनीत हातभर खोल पुरलेला, चौदा किलोमीटर लांब. धाग्यात एका टोकानं प्रकाश सोडायचा. त्यातला थोडा थोडा प्रकाश धाग्याच्या प्रत्येक मीटरवरून मागे फिरतो. जमीन जरा हलली, धागा जरा ताणला गेला, की त्या जागेवरून परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे एकच धागा चौदा हजार कानांचं काम करतो. वरून बकरी चालत गेली तरी त्याला कळतं आणि खाली खडक तडकला तरी कळतं.

या धाग्याचा सातशे मीटरचा तुकडा पाथरटोल्याच्या तलावाच्या पाळीतून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधातून, गेला होता. तलाव जुना मालगुजारी, तीनशे वर्षांचा, तळी बांधण्यात तरबेज अशा कोहळी समाजानं बांधलेला. त्याची पाळ मातीची. पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्यांच्या पलीकडे दोनशे घरांचं गाव. म्हणूनच कंपनीला परवानगी देताना सरकारनं अट घातली होती: पाळीच्या आत पाणी वाहत असल्याचं श्रोत्याला ऐकू आलं, तर सगळं काम त्याच क्षणी थांबेल.

सातवी विहीर पाळीपासून सर्वांत जवळ होती.

*

आठला दहा मिनिटं कमी असताना तिचा फोन वाजला. बाबा. दिवाळीला एकदा आणि संक्रांतीला एकदा, एवढाच त्यांचा फोन येई.

हिरामण कापगते तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीला कधी आणि किती पाणी सोडायचं हे पाणकर ठरवतो, आणि पाळीची राखणही त्याच्याकडेच. एका घोटाची काचेची बाटली घेऊन ते रोज सकाळी पाळीखाली उतरत, पाझराचं पाणी त्यात धरत आणि उन्हाकडे करून बघत.

"पाझर गढूळ हाये," ते नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले.

"किती, बाबा?"

"बाटलीतून बोट दिसत नाही. काल दिसत होतं."

पौर्णिमानं पडद्यावर पाळीची पट्टी उघडली. सातशे मीटर, सगळी हिरवी. चारशे बाराव्या मीटरला एक निळा ठिपका: 'तुडुम, प्रवाह सुरू.'

"इथे सगळं ठीक दिसतंय. श्रोत्याला पाळीत काही ऐकू येत नाही."

"त्याले नसेल येत."

"गुरं गेली असतील पाळीवरून. खालची माती कालवली गेली असेल."

"गुरं सारी तिकडं रानात हायेत," हिरामण म्हणाले. "मी साठ वर्षं पाझर पाहून रायलो, माय. गुरांचा गढूळ वेगळा, पोटातला गढूळ वेगळा. हा पोटातला."

"मी दुपारी एक वाजता येऊन बघते."

"बरं. पाळीले सांगतो, एकपर्यंत थांब म्हणून."

फोन बंद झाला. रफिक खिडकीपाशी उभा राहून पंपांचे काटे बघत होता, पण त्याचे कान इकडे होते. "वडील?" त्यानं विचारलं.

"हं."

"माझेही असेच होते. फोन ठेवायच्या आधी एक टोला."

पौर्णिमा हसली नाही. गढूळ पाझर म्हणजे काय, हे तिला कॉलेजच्या आधी बापानं शिकवलं होतं. मातीची पाळ थोडी झिरपतेच. ते पाणी नितळ असेल तर पाळ फक्त घाम गाळते आहे. पण गढूळ झालं, तर पाणी आतली माती सोबत घेऊन येतं आहे. मग आत नळी तयार होते, नळी रुंदावते, जास्त पाणी येतं, जास्त माती नेते. वरून पाळ शेवटपर्यंत जशीच्या तशी दिसते.

तीच बाटली तिनं अडीच वर्षांपूर्वी भर ग्रामसभेत चेष्टेवारी नेली होती. पाळीत धागा पुरायला बाबांनी हरकत घेतली होती, आणि कंपनीच्या बाजूनं बोलायला उभी राहिलेली त्यांची इंजिनियर मुलगी म्हणाली होती, "तुमच्या बाटलीच्या काचेपेक्षा ही काच जास्त बघते, बाबा." सभा हसली. हिरामण खाली बसले ते पुन्हा त्या विषयावर बोललेच नाहीत.

*

नऊ वाजेपर्यंत जमिनीनं अकरा वेळा अंग हलवलं. माणसाला कळू नये इतके हलके धक्के. सगळ्यात मोठा रिश्टरवर एक पूर्णांक चार. दोन रिश्टरपर्यंत श्रोता हिरवाच राहायचा. भाव आणखी चार डॉलर चढला आणि पंपांचा आवाज आणखी जाड झाला.

पौर्णिमानं हेडफोन लावून चारशे बाराव्या मीटरचा आवाज ऐकला. हलका, अखंड, बारीक खळखळाट. लहानपणी पाळीवर आजोबांच्या खोपीत ती याच आवाजावर झोपायची. तिला बरं वाटलं. तुडुम म्हणजे तलावाची मोरी: पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी बूच. बूच काढलं की पाणी पाळीच्या पोटातून दगडी नळीनं बांध्यांकडे जातं.

रफिकनं शेवटी डबा उघडलाच. "थंड होईल," तो स्वतःलाच म्हणाला, आणि भाताचा घास घेता घेता बोलला, "तुमच्या गावाकडे यंदा धान झकास दिसतो. येताना बघितलं. सगळ्या बांध्यांत कडपा पडल्यात. पिवळं सोनं नुसतं. जीप थांबवून एक फोटो काढला, बेगमला पाठवायला."

"बघू."

फोटोत सकाळचं ऊन होतं. कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांत ओळीनं वाळत घातलेल्या. खाली जमीन कोरडी, भेगाळलेली.

पौर्णिमा फोटोकडे बघत राहिली. मग तिनं हेडफोन पुन्हा कानाला लावले. खळखळाट चालूच होता.

कडपा वाळायला टाकल्या आहेत म्हणजे बांध्यांत पाणी नको. बांध्यांत पाणी नको म्हणजे तुडुम बंद असणार. कार्तिकात तुडुम बंद असतं हे पाथरटोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

तिनं फोन लावला. "बाबा, तुडुम कधी बंद केलं?"

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बुचं मारली. आज बारा दिवस झाले. दिवाळीले आली असतीस तर दिसलं असतं तुले."

"थेंबभरही जात नाही?"

"मी बूच मारलं, त्याच्यातून थेंब जाईल? कायले विचारतेस?"

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि हेडफोन काढले.

*

यंत्राला आवाज शिकवावे लागतात. धाग्यावरून येतात त्या नुसत्या थरथरी. हा बैल, ही मोटरसायकल, हे कपडे धुणं, ही नावं माणसानं द्यायची. नाव मिळालं की श्रोता तो आवाज ओळखीचा म्हणून बाजूला ठेवतो आणि उरलेल्यात धोका शोधतो. पाथरटोल्याच्या आवाजांना नावं द्यायला कंपनीनं पाथरटोल्याचीच मुलगी निवडली. ते बरोबरच होतं. बाहेरच्याला पाळीवरचे आवाज काय कळणार?

नागपूरच्या एका थंडगार खोलीत ती तीन आठवडे बसली होती. पाच हजार तुकडे, प्रत्येक आठ सेकंदांचा. कित्येकांवर ती अडली, पुन्हा पुन्हा ऐकले. पण चारशे बाराव्या मीटरच्या खळखळाटावर ती क्षणभरही थांबली नाही. बाहेरचा माणूस थांबला असता, 'पाळीत पाण्याचा आवाज, कारण माहीत नाही' असं लिहून मोकळा झाला असता. तिनं लहानपणच्या झोपेतून उत्तर दिलं: तुडुम. खोपीच्या एका बाजूला तुडुम होतं आणि दुसऱ्या बाजूला चाळीस पावलांवर पाझर. झोपणाऱ्या पोरीला दोन्ही एकच. चारशे बारावा मीटर पाझराचा होता. बाबांना एक फोन केला असता तर कळलं असतं. पण ग्रामसभा नुकतीच झाली होती.

त्या दिवसापासून पाळीच्या पोटातलं पाणी श्रोत्याच्या लेखी ओळखीचं झालं. ज्या एका आवाजासाठी त्याला तिथे बसवलं होतं, तोच तो बाजूला ठेवत होता.

तिनं गेल्या चार महिन्यांचा 'तुडुम' प्रवाह पडद्यावर मागवला. जवळच्या दोन विहिरी फोडल्या तेव्हापासून रेघ हळूहळू वर चढली होती. सकाळी सात बावीसपासून ती तिप्पट झाली होती.

पौर्णिमानं टेबलावरची लाल कळ दाबली.

पंप थांबले. कानांना दडे बसावेत अशी शांतता झाली. पडद्यावर अक्षरं आली: 'हातानं थांबवले. धोका आढळलेला नाही. दहा मिनिटांत काम पुन्हा सुरू होईल.' अर्धवट फोडलेल्या विहिरीत वाळू बसून ती निकामी होऊ नये, म्हणून तशी व्यवस्था होती.

नागपूरहून उत्पादनप्रमुख जयंत बोधनकरांचा फोन चाळीस सेकंदांत आला.

"का थांबवलंस?"

"सर, पाळ आतून वाहतेय."

"श्रोता म्हणतो, तुडुमाचं पाणी आहे."

"तुडुम बारा दिवस बंद आहे."

"कोण म्हणतं?"

"माझे बाबा. पाणकर आहेत."

बोधनकरांनी श्वास सोडलेला ऐकू आला. "पौर्णिमा, मी वाईट माणूस नाही. पण सकाळपासून मला वरून चार फोन आलेत. देशभर पेट्रोलपंपांवर रांगा लागतायत. आज आपण थांबलो तर ती बातमी होते. मी वर काय सांगू, पाणकर म्हणाले?"

"माझं नाव चुकलं, असं सांगा. मी पाझराला तुडुम म्हटलं."

"तू दिलेलं नाव मागे घ्यायचं म्हणतेस? कळतंय ना काय होईल? तुझी सगळी पाच हजार नावं संशयात. त्या नावांवर चालणारं अकराही विहिरींचं काम बंद. हाच शिकलेला कान आपण आणखी अठरा ठिकाणी दिलाय, तिथे सूचना जाईल. तपासणी होईपर्यंत कोणी काही सुरू करणार नाही. आणि खाली सही तुझी."

"हो."

"एक तास दे. माणूस पाठवून पाळ बघतो."

पडद्यावर सहा मिनिटं उरली होती.

"मॅडम, मी डिझेल तोडू का?" रफिकनं हळूच विचारलं.

"तोडाल. दुपारी दुसरा कोणी जोडेल." तिनं यादी उघडली. 'तुडुम.' शेजारी तिची सही, अडीच वर्षांपूर्वीची तारीख. फोनमध्ये बोधनकर काहीतरी म्हणत होते. तिनं नाव पुसलं. यंत्रानं विचारलं: 'नवे नाव?' तिनं लिहिलं: 'पाळीच्या आतला प्रवाह.'

श्रोत्याला विचार करायला तीन सेकंद लागले. मग सातशे मीटरची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल झाली.

*

पंप बंद केले म्हणून जमीन लगेच निजत नाही. खाली कोंबलेलं पाणी जुन्या भेगांमधून वाट काढत राहतं आणि धक्के काही तास, कधी काही दिवस येत राहतात. पौर्णिमानं रफिकला एवढंच सांगितलं आणि जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "वाळूचा ट्रक घेऊन या मागोमाग. खडक फोडायची वाळू. जेवढी मिळेल तेवढी."

पाळीवर पंचवीस-तीस माणसं जमली होती. "आली कंपनी," कोणीतरी म्हणालं. हिरामण पाळीखाली पाझरापाशी उकिडवे बसले होते. चहाच्या रंगाचं पाणी मनगटाएवढ्या धारेनं येत होतं.

ती त्यांच्याजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "चूक माझी आहे. यंत्राला मी हा आवाज तुडुमाचा म्हणून शिकवला. म्हणून ते गप्प राहिलं. विहिरी बंद केल्यात. पण अजून धक्के येतील. तलाव उतरवावा लागेल, आत्ताच."

"उतरवायचा म्हणजे?" सत्यभामा हातझाडे पुढे आल्या. तुडुमाच्या तोंडाशीच त्यांची बांधी. "तुडुम उघडायचं? खाली माझ्या कडपा हायेत वाळत. साऱ्या गावाच्या हायेत. वर्षाचा धान पाण्यात घालू का तुझ्या यंत्रापायी?"

"काकू, पाळ गेली तर—"

"पाळ जाते का राहते, ते कोण सांगून रायलं? तूच ना? मागच्या सभेतही तूच सांगत होतीस."

लोक हिरामणकडे बघू लागले. ते सावकाश उठले. बाटली धारेखाली धरली, भरली आणि सत्यभामाबाईंच्या हातात दिली. बाईंनी ती उन्हाकडे केली. मग शेजारच्याकडे दिली. बाटली हातोहात फिरली.

"मी आयुष्यात कार्तिकात बूच काढलं नाही," हिरामण म्हणाले. "आज काढतो. अर्ध्या घटकेनं काढतो. तोवर ज्याच्या जेवढ्या कडपा निघतील तेवढ्या काढा. सत्यभामे, तुझ्या बांधीत आधी सारे लागतील."

सारे पाळ उतरून धावले. म्हातारे, सुना, शाळेतून बोलावून आणलेली पोरं. कडपा उचलायच्या, डोक्यावर घ्यायच्या, उंचवट्यावर टाकायच्या. हिरामण धोतर खोचून तुडुमाच्या पायऱ्या उतरले, छातीएवढ्या पाण्यात गेले आणि वरून तिसऱ्या बुचाला हात घातला. बारा दिवसांत लाकूड फुगलं होतं. पौर्णिमा कपड्यांनिशी पाण्यात शिरली. दोघांनी मिळून ओढलं. बूच सुटलं आणि पाणी नळीत असं घुसलं की पायांखालचा दगड गुणगुणू लागला.

"हा," हिरामण तिच्या कानाशी म्हणाले. "हा तुडुमाचा आवाज."

तेवढ्यात रफिकचा ट्रक आला. हिरामणांनी मूठभर वाळू हातात घेऊन चोळली. गोल, स्वच्छ, एकसारखी. "अशी वाळू नदीत मिळत नाही," ते म्हणाले. पाझर बुजवायचा नसतो. बुजवला तर पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर वाळूची जाड गादी घालायची आणि वर गिट्टीचं ओझं टाकायचं. वाळू पाणी जाऊ देते, माती जाऊ देत नाही. खडकाच्या चिरा उघड्या ठेवायला आणलेल्या वाळूच्या गोण्या दुपारपर्यंत पाझरावर पडत होत्या. रफिक स्वतः पाठीवर वाहत होता आणि अर्धवट टाकून आलेल्या भाताच्या डब्याची आठवण काढून स्वतःलाच शिव्या देत होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी धक्का आला. हा सगळ्यांना कळला. झाडावरचे बगळे एकदम उठले. पाळीच्या माथ्यावर, खोपीजवळ, वीस पावलांची भेग पडली आणि आतल्या अंगाचा मातीचा एक मोठा लपका घसरून पाण्यात गेला. सगळे पाझराकडे बघत उभे राहिले. धार जाड झाली, वाळूतून उसळली, गढूळ आली. मग हळूहळू पातळ झाली. तलाव तोवर दीड वीत उतरला होता.

हिरामणांनी बाटली धरली. उन्हाकडे केली. पलीकडे त्यांचं बोट दिसलं, अंधुक, पण दिसलं.

खाली बांध्यांत घोटाभर पाणी उभं होतं. निम्म्या कडपा वाचल्या होत्या. सत्यभामाबाईंच्या एकूण एक भिजल्या होत्या, कारण नळीचं तोंड त्यांच्याकडेच होतं. त्या बांधावर बसून पायांचा चिखल काढत होत्या. पौर्णिमा जवळ गेली तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "उद्या सकाळी ये कडपा उलटवायले. नुसती माफी मागू नको."

*

संध्याकाळी रफिकनं फोनवर बातमी वाचून दाखवली. मध्य भारतातल्या अकरा विहिरी तांत्रिक कारणानं बंद. आधीच धास्तावलेल्या बाजारात तेलाचा भाव आणखी दोन डॉलर वर.

"बघा, आपण जगाच्या बातमीत आलो," तो म्हणाला.

पौर्णिमानं ती स्वतः पुन्हा वाचली. पाळीचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं. फक्त दोन डॉलर. ज्या अठरा ठिकाणी हाच कान बसवला होता, तिथे श्रोत्याचा डोळाही होता. तोही बातमी वाचत असणार. दोन डॉलर चढले म्हणजे कुठेतरी एखादी राखलेली विहीर आत्ता जागी होत असेल, आणि तिच्या शेजारी एखादी पाळ, एखादा उतार, एखादं गाव असेल. चूक कळवणारी सूचना तिथे पोचली होती की नव्हती, हे तिला कोणी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी कंपनीनं तिला निलंबित केल्याचं पत्र दिलं, आणि सहाव्या दिवशी बोधनकर स्वतः पाथरटोल्याला आले. अठराही ठिकाणांचं काम अडलं होतं, म्हणजे निदान सूचना पोचली होती. पाच हजार आवाजांना नव्यानं नावं द्यायची होती आणि ते करायला दुसरं माणूस नव्हतं. पौर्णिमा म्हणाली, "करते. पण मी एकटी नाही."

हिरामण ओसरीवर खाटेवर बसले. हेडफोन त्यांच्या पागोट्यावर बसेना, म्हणून पागोटं काढून मांडीवर ठेवलं. बोधनकर भिंतीला टेकून उभे होते. पौर्णिमानं पहिला तुकडा लावला. आठ सेकंद.

हिरामणांनी डोळे मिटून ऐकला. "पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावला. त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघितलं, लहानपणी बाटली हातात देऊन 'काय दिसते' विचारताना बघायचे तसे.

"कोणत्या महिन्यातला हाये?"

पौर्णिमानं पडद्यावर शोधलं. मीटरचा आकडा होता, सेकंदांचा होता, तिची सही होती. तिनं बोधनकरांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तो रकाना कोणी ठेवलाच नव्हता.

"महिना नाही, बाबा."

हिरामणांनी हेडफोन काढून हळूच खाटेवर ठेवले.

"मग नाव कसं देऊ, माय?"